फील्डवर्कचे १२ तास झाले

इथे कॅलिफोर्नियात शाळा सुटल्यावर मुलांसाठी संध्याकाळपर्यंत वर्ग चालतात, तिथे शिकवण्याचं सर्टिफिकेट मी करतेय. परवा आईने विचारलं, "म्हणजे पाळणाघरच ना?" नाही गं आई. विद्यापीठातले कोर्स करायचेच, शिवाय ४० तास प्रत्यक्ष मुलांसोबत काढायचे आणि दर भेटीनंतर नोंदी लिहायच्या. त्याआधी बोटांचे ठसे, टीबीची चाचणी. त्यातच दोन आठवडे गेले.

आज तिसरीतल्या एकाचं गाडं अपूर्णांकांवर अडलं. चार तीनपेक्षा मोठे, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा, यावर तो ठाम! मी सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या दिल्या. एकीचे घड्या घालून चार सारखे भाग पटकन जमले. दुसरीचे तीन सारखे करताना मात्र जीभ बाहेर, कपाळाला आठ्या, चारदा उलगडून परत. मग पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि गप्पच झाला. क्षणभराने शेजारच्या मुलीला स्पॅनिशमध्ये भराभरा समजावू लागला. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण त्याचं बोट बरोब्बर १/३ वर होतं.

नोंदीत मी "हुशार मुलगा" लिहिलं नाही. मुलाने काय केलं ते लिहा, असं आमच्या बाई सारखं सांगतात. आज ते पटलं.

२००२ मध्ये इथल्या लोकांनी मतदान करून अशा वर्गांसाठी सरकारी निधी पक्का केला. त्यामुळे सहापर्यंत शाळा उघडी असते. सहाला पाच कमी असताना त्याचे बाबा थेट कामावरून आले, बुटांना सिमेंट तसंच. त्यांनी सही करेपर्यंत पठ्ठ्याने खिशातून पट्ट्या काढल्यासुद्धा!