कधीपासून?

सोमवार, ७ जुलै २०२५, रात्र

डॉक्टरांनी आज विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. "असे कधीपासून आहे?" एवढेच त्यांनी विचारले. ज्याच्या पिंजऱ्याशेजारी बसून मी सहा वर्षे सकाळचा चहा घेत आले, त्या पक्ष्याविषयी "तीन-चार दिवस असतील" याहून नेमके मला काही सांगता येईना. त्यांनी मान वर न करता तेही लिहून घेतले. मग टॉवेलात धरलेल्या पक्ष्याच्या छातीवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, की छातीचे मधले हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागते आहे आणि एवढे मांस तीन-चार दिवसांत झडत नाही.

भाऊराव हा आमचा कॉकाटील, म्हणजे पोपटाच्या कुळातला लहान पक्षी. अंग करडे, तोंड पिवळे, दोन्ही गालांवर शेंदरी टिकल्या आणि डोक्यावर तुरा. २०१९ मध्ये मुलाच्या हट्टापायी तो घरी आला, तेव्हा सासूबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "हे तर आमच्या गावचे भाऊराव, फेटा बांधून ओट्यावर बसलेले." तेव्हापासून घरात सगळे त्याच्याविषयी आदरार्थी बहुवचनातच बोलतात आणि आता लिहितानाही मला एकवचन जमेनासे झाले आहे. मुलगा गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेला. भाऊराव मुलुंडलाच राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी ते पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेले दिसले. शनिवारी घराजवळच्या एका दवाखान्यात नेले, पण तिथे मुख्यतः कुत्री-मांजरे येतात. पक्ष्याला हात न लावताच जीवनसत्त्वाचे थेंब लिहून मिळाले आणि ते घेऊन मी समाधानाने परतले, याची आता लाज वाटते. काल आषाढी एकादशी. साबुदाण्याची खिचडी करताना पिंजऱ्याकडे लक्ष गेले, तर प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत होती. त्यानंतर मात्र रात्रभर फोनवर शोधाशोध करून केवळ पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या अंधेरीच्या या डॉक्टरांची आजची वेळ मिळवली.

रिक्षा पवई तलावापाशी मेट्रोच्या कामात अडकली आणि बराच वेळ जागची हलली नाही. मांडीवरच्या पेटीवर साडी पांघरली होती. आतून काहीही आवाज येत नव्हता आणि मी दर दोन मिनिटांनी पदर उचलून पाहत होते.

डॉक्टरांनी त्यांना धरले ते फक्त मानेशी आणि पायांशी; छाती मोकळी ठेवली. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचा पिंजराच हलवून ते श्वास घेतात, त्यामुळे छाती आवळून धरली तर पक्षी हातातच गुदमरतो, असे त्यांनी सांगितले. सहा वर्षांत मी त्यांना कितीदा मुठीत धरले असेल, हा हिशेब मी मनातल्या मनात करू लागले होते. वजन भरले ७८ ग्रॅम. आधीचे वजन किती, हा दुसरा प्रश्न. त्याचेही उत्तर नव्हते. मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेतून रक्त घेतले, कारण पक्ष्यांत डावीपेक्षा ती शीर मोठी असते. शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून अधिक रक्त काढायचे नसते, म्हणजे यांचे पाऊण मिलिलीटरसुद्धा धोक्याच्या कडेला. त्यांनी अर्ध्याहून कमी घेतले. क्ष-किरण चित्रात यकृताची सावली मोठी दिसते, पण पोटात धातूचा कण नाही. जस्ताचा मुलामा दिलेली तार कुरतडून पक्ष्यांना विषबाधा होते, म्हणून ते पाहणे आवश्यक होते. विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली; जठरात वाढणारे किण्व त्यात दिसले नाही, मात्र एकदा दिसले नाही म्हणजे ते नाहीच असे नव्हे. शेवटी डोळ्यांच्या कडा, टाळूची फट आणि गुदद्वार येथून कापसाच्या काडीने नमुने घेतले. क्लॅमिडिया सिटासी नावाच्या जिवाणूचा संशय आहे. ती तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत होते आणि तिला सात-आठ दिवस लागतात.

निघताना डॉक्टर म्हणाल्या, की रोज सकाळी खाणे घालण्यापूर्वी वजन करा, विष्ठेचा रंग पाहा आणि लिहून ठेवा. ही वही त्यासाठी काढली आहे. रकाने आखायचे होते; त्याऐवजी हे सगळे लिहीत बसले.

मंगळवार, ८ जुलै

वजन ७७.

स्वयंपाकघरातला काटा, त्यावर किलोभर श्रीखंडाचा रिकामा डबा, डब्यात भाऊराव आणि डब्याबाहेर शेपूट. प्रकृती ठीक असती तर त्यांनी हा अपमान सहन केला नसता. आज मुकाट बसले, आणि मला तेच अधिक लागले.

मुलाला रात्री फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, माझी नववीची प्रोजेक्टची वही बघ. माळ्यावर असेल." टाळेबंदीत शाळा फोनवर भरत असताना त्याने 'माझा पाळीव पक्षी' असा प्रकल्प केला होता. सासूबाईंनी स्टूल धरले आणि मी माळ्यावरून वही काढली. त्यात चौथ्या पानावर, रंगीत पेनाने: वजन ९२ ग्रॅम. म्हणजे दवाखान्यातल्या ७८ पर्यंतच चौदा ग्रॅम गेले होते, शेकडा पंधरा. साठ किलोच्या माणसाचे नऊ किलो उतरावे तसे. माणसाचे गेले असते तर कपडे सैल झाले असते, शेजाऱ्यांनी विचारले असते. पक्ष्याची पिसे मात्र आतला सांगाडा शेवटपर्यंत झाकून ठेवतात.

त्याच माळ्यावर आकाशकंदिलातला चाळीस वॅटचा जुना बल्ब सापडला, हा सासूबाईंचा शोध. डॉक्टरांनी पिंजऱ्याच्या एका बाजूला तीस अंशांच्या आसपास ऊब ठेवायला सांगितली होती आणि बाजारात आता सगळे बल्ब एलईडी, ज्यांना उजेड आहे पण ऊब नाही. बल्ब टेबलाच्या दिव्यात बसवला, पिंजऱ्याच्या तीन बाजू चादरीने झाकल्या, शेजारी मुलाच्या लहानपणीचा तापमापक टांगला. भाऊराव दहा मिनिटांत सरकत सरकत उजेडाकडे आले आणि डोळे मिटून बसले.

बुधवार, ९ जुलै

वजन ७६. विष्ठेतला पांढरा भाग पांढरा नसून हिरवट पिवळा आहे. निरोगी पक्ष्याच्या विष्ठेत तीन गोष्टी वेगळ्या दिसतात, मधला घट्ट भाग, त्याभोवतीची पांढरी खडू आणि पाणी. पांढऱ्यावर हिरवी-पिवळी झाक आली की यकृताकडे पाहायचे. मी सहा वर्षे रोज सकाळी तो कागद गुंडाळून कचऱ्यात टाकत आले. त्यात काही वाचायचे असते हे मला ठाऊकच नव्हते.

डॉक्टरांनी अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केले आहे. आजार तोच निघाला तर पंचेचाळीस दिवस द्यायचे आहे. या औषधाशी कॅल्शियम बांधले जाते आणि औषध अंगी लागत नाही, म्हणून पिंजऱ्यातले कॅल्शियमयुक्त समुद्रफेन काढून ठेवले. सुईविना सिरिंजने चोचीच्या कडेतून थेंब थेंब सोडायचे; घाई केली तर श्वासनलिकेत जाते. आज पहिल्या वेळी निम्मे औषध माझ्या गाऊनवर सांडले.

अवघड भाग वेगळाच आहे. हा जिवाणू माणसांनाही बाधतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे फुफ्फुसात जाते. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांना दमा आहे. म्हणून भाऊरावांची रवानगी मुलाच्या खोलीत झाली आहे. दार बंद असते, मी मुखपट्टी लावून आत जाते आणि कागद काढण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडते, म्हणजे धूळ उडत नाही. माणसांत हा आजार औषधाने बरा होतो, खोकला-ताप आला तर वैद्यांना पक्ष्याविषयी सांगायला मात्र विसरू नका, असे डॉक्टरांनी बजावले. हे सासूबाईंना समजावून सांगताना मला वाटले होते की त्या घाबरतील. त्या म्हणाल्या, "मग दाराबाहेरून बोलू का मी त्यांच्याशी?" तेव्हापासून दुपारभर दाराबाहेर खुर्ची आहे आणि पेपर मोठ्याने वाचला जातो. सध्या पेपरात कबुतरखाने बंद करण्याच्या बातम्या आहेत. कबुतरांच्या विष्ठेने फुफ्फुसाचे आजार होतात, ही ओळ वाचताना त्यांचा आवाज जरा खाली आला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कबुतरे बसतात आणि भाऊरावांचा पिंजरा सहा वर्षे त्याच खिडकीखाली होता. संसर्ग तिथूनच आला असेल असे मी म्हणत नाही, पण आज दुपारी जाळी बसवणाऱ्याला फोन केला.

गुरुवार, १० जुलै

वजन ७५. रक्ताचा अहवाल आला. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या आणि यकृताशी संबंधित आकडेही वाढलेले. म्हणजे काहीतरी आहे हे ठरले. काय आहे ते ठरले नाही. जिवाणू असेल, बुरशी असेल, निव्वळ सूर्यफुलाच्या बिया आणि राळ्यावर पोसल्यामुळे चरबी साठलेले यकृतही असेल. या तिसऱ्या शक्यतेपाशी माझे मन सारखे थांबते, कारण सूर्यफुलाच्या बिया मीच वाटीभर घालत असे. त्यांना त्या आवडतात, एवढेच कारण.

पंचाहत्तरच्या खाली गेले तर नळीने भरवण्यासाठी दवाखान्यात ठेवावे लागेल, असे डॉक्टर म्हणाल्या होत्या. म्हणून दिवसभर शिजवलेला राळा, किसलेले गाजर, कोथिंबीर, जे खातील ते. रात्री त्यांनी राळ्याचे कणीस सोलून खाल्ले, तो टरफलांचा आवाज दाराआडून ऐकत मी उभी राहिले.

शुक्रवार, ११ जुलै

वजन ७५. खाली नाही.

शेजारच्या वहिनी ओव्याचे पाणी द्या म्हणाल्या. जिथून पक्षी आणला त्या दुकानदाराने फोनवर कुठलीशी कॅप्सूल पाण्यात विरघळवायला सांगितली, त्याच्याकडे सगळे पक्षी त्यानेच बरे होतात म्हणे. दोघांनाही 'हो' म्हटले आणि काहीही केले नाही.

शनिवार, १२ जुलै

वजन ७६.

"पक्षी आजार लपवतात" हे वाक्य या आठवड्यात मला निदान पाच जणांनी ऐकवले. थव्यात जो अशक्त दिसतो त्याला शिकारी आधी हेरतो, म्हणून अंगात बळ असेपर्यंत पक्षी धडधाकट असल्याचे भासवतो. हे खरेच आहे आणि मला धीर देण्यासाठीच सगळे सांगतात. पण मला त्याने धीर येत नाही. भाऊरावांनी लपवले असेल, पण श्रीखंडाच्या डब्यापासून त्यांना ते लपवता आले नसते. आठवड्यातून एकदा दोन मिनिटे काढली असती तर ९२, ९०, ८७ असे उतरणारे आकडे मला दिसले असते.

म्हणून आज 'कधीपासून' याचा छडा लावायला बसले. भाऊराव कुकरच्या शिट्टीला उत्तर देतात. तीन शिट्ट्या झाल्या की चौथी त्यांची, इतकी हुबेहूब की नव्या माणसाने गॅस बंद करावा. ही शिट्टी शेवटची कधी ऐकली, हे काही केल्या आठवेना. मग सुचले, की मी मुलाला रोज सकाळी स्वयंपाक करता करता आवाजी निरोप पाठवते आणि मागे कुकर असतोच. जूनमधले सगळे निरोप एकेक करून ऐकले. भाजीचे भाव, मामाच्या गुडघ्याचे दुखणे, छत्री घेऊन जा, असे माझेच बोलणे, आणि मागे तीन शिट्ट्या, मग चौथी. १८ जूनला चौथी आहे. १९ जूनला आहे, पण आखूड, अर्ध्यात सोडलेली. २० जूनला तीन शिट्ट्यांनंतर मी म्हणते आहे, "बाकी इकडे सगळे ठीक." पुढच्या सर्व निरोपांत तीनच शिट्ट्या आहेत.

वहीच्या पहिल्या पानावर जिथे "तीन-चार दिवस" लिहिले होते, तिथे काट मारून १९ जून लिहिले. डॉक्टरांना तसा निरोपही पाठवला. त्यांचे उत्तर आले, की हे कळल्याने उपयोग झाला, इतके दिवस रेंगाळलेला आजार असेल तर अचानक झालेल्या विषबाधेची शक्यता मागे पडते. मुलाला काय सांगावे ते मात्र सुचले नाही. ते निरोप त्याच्याकडेही आहेत.

रविवार, १३ जुलै, रात्र

वजन ७७. विष्ठेतली हिरवट झाक किंचित कमी वाटते. मला तसे वाटावेसे वाटते म्हणूनही असेल, त्यामुळे छायाचित्र काढून डॉक्टरांकडे पाठवले आहे. औषधाचा हा परिणाम असेल तर संशयाला बळ येते, पण अहवालाशिवाय त्या काही म्हणणार नाहीत, आणि त्यांनी म्हणू नये हेच बरे. अहवाल उद्या यायचा होता. संध्याकाळी कळले की मंगळवार उजाडेल.

आज दुपारी वरणभातासाठी कुकर लावला, तेव्हा सासूबाई खुर्चीवर होत्या आणि मी मुद्दाम दार थोडे उघडे ठेवले होते. तिसरी शिट्टी झाली. सासूबाईंनी पेपर खाली ठेवला. आतून काही आवाज आला नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "अगं, गॅस बंद कर, भात लागेल."

कॉकाटील अंधारात दचकून पिंजऱ्यावर आपटतात, म्हणून खोलीत बारीक दिवा ठेवला आहे. बल्बची ऊब एकोणतीस अंश. उद्याच्या रकान्यात तारीख घालून ठेवली आहे.