शत्रूला पत्ता कशाला द्यायचा?

"सर, आपण दर वर्षी पाकिस्तानला आपल्या अणुभट्ट्यांची यादी देतो म्हणे, खरं का?" बोईसरमध्ये राहून परराष्ट्र धोरणावर भाषणं देत फिरणाऱ्या माणसाला जानेवारीत हा प्रश्न चुकत नाही. खरं आहे म्हटलं की पुढचा ठरलेलाच: "मग आपण काय वेडे आहोत का?" तारापूरची भट्टी इथून रिक्षाच्या अंतरावर आहे, तेव्हा काळजी खोटी नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

1981 च्या जूनमध्ये इस्रायलच्या विमानांनी इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली. तेव्हा पाकिस्तान आपल्या कहुता इथल्या केंद्रात बॉम्बसाठी गुपचूप युरेनियम समृद्ध करत होता. भारतही आपल्यावर असाच हल्ला करेल, या धास्तीने इस्लामाबादची झोप उडाली. आणि आपली? आपलं तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र मुंबईतच आहे. कहुतावर बॉम्ब टाकला तर उत्तर कुठे पडेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

डिसेंबर 1985 मध्ये पाकिस्तानचे लष्करशहा झिया उल हक दिल्लीला आले, तेव्हा एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असं त्यांनी आणि राजीव गांधींनी तोंडी जाहीर केलं. कागद मात्र व्हायला तीन वर्षं लागली. मधल्या काळात आपल्या लष्कराच्या 'ब्रासटॅक्स' या मोठ्या कवायतीवरून दोन्ही सैन्यं सीमेवर समोरासमोर आली, झिया जयपूरला कसोटी बघायला येऊन गेले, आणि पत्रकार कुलदीप नय्यर यांच्याशी बोलताना पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांनी पाकिस्तानकडे बॉम्ब असल्याचं सूचित केलं. म्हणजे समोरचा काय शिजवतोय हे दिल्लीला पक्कं ठाऊक होतं. तरीही 31 डिसेंबर 1988 ला इस्लामाबादेत करारावर सह्या झाल्या. बेनझीर भुट्टोंना पंतप्रधान होऊन महिनाही झाला नव्हता.

हा करार अगदी छोटा आहे. दुसऱ्याच्या अणुकेंद्राचं नुकसान स्वतः करायचं नाही, कुणाला चिथावून करवायचं नाही, कुणाच्या साथीने करायचं नाही. आणि दर 1 जानेवारीला आपल्या केंद्रांचे अक्षांश-रेखांश कळवायचे. वीजभट्ट्या, संशोधनभट्ट्या, इंधन बनवण्याचे, समृद्धीकरणाचे, पुनर्प्रक्रियेचे कारखाने, सगळं त्यात आलं. बॉम्ब कुठे ठेवलेत, हे त्यात विचारलेलंच नाही. आणि खरं सांगायचं तर तारापूर कुठे आहे हे शोधायला पाकिस्तानला आपल्या लिफाफ्याची गरज नाही, मोबाइलवरचा नकाशा पुरे.

मग यादी द्यायची कशाला? कारण नाव यादीत आलं की "आम्हाला माहीत नव्हतं, चुकून पडला" ही पळवाट बंद होते. सुरुवातीला दोघांनीही एखादं केंद्र वगळल्याच्या बातम्या होत्या. असतीलही. जे वगळलं त्याला कराराचं संरक्षण मागायचं कसं, हा वगळणाऱ्याचा प्रश्न.

पहिली यादी 1992 च्या नववर्षदिनी गेली. कारगिल झालं, पुढच्या जानेवारीत यादी गेली. संसदेवर हल्ला होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, सैन्य सीमेकडे निघालं होतं, यादी गेली. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर गेली. पहलगामनंतर सिंधू जलकरार स्थगित झाला, अटारीचं फाटक लागलं, उच्चायुक्तालयांतली माणसं तीसवर आली. तरी 1 जानेवारी 2026 ला दिल्लीत आणि इस्लामाबादेत एकाच वेळी लिफाफे दिले-घेतले गेले. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानातल्या किराणा टेकड्यांवर हल्ला झाल्याची आवई उठली होती. पत्रकारांनी विचारलं तेव्हा हवाई दलाचे एअर मार्शल ए. के. भारती यांनी, तिथे अणुकेंद्र आहे हे सांगितल्याबद्दल आभार मानले आणि आम्ही तिथे मारा केलेला नाही, असं सांगून टाकलं. लोक हसले. पण ते सांगणं गरजेचं होतं.

या कराराने पाकिस्तानचा बॉम्ब थांबला का? नाही. 28 मे 1998 ला पाकिस्तानच्या अणुचाचण्यांनी चगाईचे डोंगर हादरले. त्याच्या दोन आठवडे आधी पोखरण आपणच हादरवलं होतं. बोलणी केली की समोरचा सुधारतो, असं मानणाऱ्यांतला मी नाही. पण दोघांनाही एकाच गोष्टीची सारखीच भीती असेल, तर तेवढ्यापुरतं विश्वासावाचून भागतं.

हे माझं म्हणणं पटत नसेल तर त्याच दिवशी दिली जाणारी दुसरी यादी बघा. 2008 च्या करारानुसार 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांची आणि पकडलेल्या मच्छीमारांची नावं एकमेकांना देतात. त्यात आमच्या पालघरचेही खलाशी असतात: डहाणू-तलासरीकडची पोरं, गुजरातच्या बोटींवर हंगामाला गेलेली, समुद्रात हद्द ओलांडली म्हणून कराचीच्या जेलमध्ये पडलेली. शिक्षा भोगून झाल्यावरही कित्येक जण तिथेच कुजतात. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती एकमेकांच्या तुरुंगांना भेट देत असे. तिचा शेवटचा दौरा 2013 चा.

अणुभट्टीची यादी पाळली जाते, कारण ती मोडली तर दिल्ली आणि इस्लामाबाद दोघांनाही भाजेल. तलासरीचा खलाशी आणखी दोन वर्षं आत राहिला तर कुणाच्या खुर्चीला धग लागते? भाषणानंतर या यादीबद्दल मला अजून तरी कुणी विचारलेलं नाही.