शेंगा चटणीच्या नावाचा ट्रेडमार्क, माझा अनुभव

आमचं शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं छोटं काम आहे, सोलापुरातच. पुण्याला माल जायला लागला तसं तिथला एक दुकानदार म्हणाला, तुमच्यासारखंच पाकीट दुसरं कोणतरी आणून देतंय बघा. मग ट्रेडमार्कचं मनावर घेतलं.

वकील साहेबांनी बसल्या बसल्या सांगितलं, 'अस्सल सोलापुरी' एवढ्यावर हक्क मागायला जाऊ नका. गावाचं नाव आणि मालाची तारीफ ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 मध्ये अडकते, आणि बरोबरच आहे की, उद्या बाळीवेशीतला दुसरा चटणीवाला पण तेच लिहिणार आणि खरंच लिहिणार. म्हणून पाकिटावर कोपऱ्यात बारीक छापलेलं आमच्या घराचं टोपणनाव होतं, त्याचा अर्ज केला. अर्ज मालाच्या प्रकाराप्रमाणं, म्हणजे क्लासप्रमाणं करायचा असतो. चटणी, भाकरी क्लास 30 मध्ये, टॉवेल 24 मध्ये, असे यादीत एकूण 45 क्लास आहेत. मी प्रोप्रायटर, म्हणजे धंद्याचा एकटा मालक, म्हणून ऑनलाइन फी क्लासला 4500, मोठ्या कंपनीला 9000. वकिलाची फी वेगळी, तिथं घासाघीस चालते.

खरी धावपळ एक्झामिनेशन रिपोर्ट, म्हणजे ट्रेडमार्क ऑफिसनं अर्ज तपासून काढलेल्या हरकती, आल्यावर. कलम 11, म्हणजे उच्चाराला जवळचं नाव आधीच कुणाचं तरी आहे, आणि उत्तराला एकच महिना. इथं आमच्या सौ.नी पिठाच्या डब्यामागं जपलेली जुनी बिलबुकं कामाला आली, कारण नाव आधीपासून वापरतोय हे कागदावर दाखवावं लागतं, तोंडी काय कोण ऐकत नाही. हिअरिंग व्हिडिओ कॉलवर झालं, मुंबईला जावं लागलं नाही. मग ट्रेडमार्क ऑफिसच्या जर्नलमध्ये छापून आलं, तिथून 4 महिने कुणीपण विरोध करू शकतं. रजिस्टर होईपर्यंत नावापुढं टीएम (ट्रेडमार्क) लिहायचं, गोलातला आर (®, म्हणजे रजिस्टर्ड) नाही, रजिस्टर व्हायच्या आधी तो छापणं गुन्हा आहे. आता 10 वर्षांनी रिन्यू.

शेजारचे टॉवेलवाले म्हणतात आम्हाला जीआय (गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मालाची सरकारी नोंद) आहे, आम्हाला कशाला पाहिजे. अहो काका, सोलापुरी चादर-टॉवेलचा जीआय सगळ्या गावाचा, तुमच्या कारखान्याचं नाव त्यात कुठं आहे?

भाच्याचं प्रकरण वेगळंच. त्यानं उखळासारखं कुटणारं मशीन बनवलंय, त्याला ट्रेडमार्क नाही, पेटंट, म्हणजे नवीन शोधावरचा हक्क, लागतं, मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. पण आधीच जगाला दाखवलं तर नवीनपणाच जातो, म्हणून पहिलं प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज, टाकलं, 1600 रुपयात, आता 12 महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचाय. त्यात अजून रोज काहीतरी बदल चालूय, त्यामुळं मशीनचा फोटो मागू नका, तो मला पण काढू देत नाही.