मागील दारचा कट्टा: पहिला पावसाळा

कट्टा पावसाळ्यातून नीट निघाला, सोनचाफा मात्र गेला. मार्चपासूनचा हिशोब लिहून ठेवतो.

बसायची पहिली जागा दोन माडांमध्ये धरली होती, वारा तिथे छान येतो म्हणून. एप्रिलमध्ये एका दुपारी आई चहाचे कप उचलून आत वळली आणि मागे वाळलेली झावळ धाडकन बाकड्यावर आली. फळी मधोमध दुभंगली. बाकडं त्याच संध्याकाळी हलवलं. मंडळी, वारा कितीही गोड लागो, माडाखाली बैठक नको.

मग पंधरा दिवस नुसतं ऊन बघितलं. दर तासाला सावलीच्या कडेवर चुन्याची फक्की टाकायची. रत्नागिरीत मे महिन्यात सूर्य भर दुपारी डोक्यावर असतो आणि पश्चिमेला कलताना थोडा उत्तरेकडे झुकतो. त्याच बाजूला आमचं हापूसचं जुनं कलम आहे. चार वाजता त्याची सावली जिथवर येते तिथे कट्टा घेतला. फांद्यांच्या खाली मुद्दाम नाही घेतला, वर ओंबील, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्या आहेत.

कट्टा चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, 17 इंच उंच. खाणीतून ताजा आलेला चिरा तासायला मऊ असतो, हवा लागली की टणक होत जातो. म्हणून पुढची कड लगेच गोल करून घेतली. पोटऱ्यांना टोचत नाही. वर कडाप्पा, मागच्या वाफ्याकडे अर्धा इंच उतार. जांभा पाणी पितो आणि शेवाळ धरतो. कडाप्पा फडक्याने पुसला की श्रावणातही उघडीप मिळताच बसता येतं.

झाडं वाऱ्याच्या हिशोबाने लावली. संध्याकाळी खारा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून मोगरा आणि अनंत ही फुलझाडं आंबा व कट्टा यांच्या मधे. सकाळचं ऊन तिथे भरपूर मिळतं. रातराणी पूर्वेच्या कुंपणाला, रात्री उशिरा जमिनीकडून मतलई वारा सुटला की वास घराकडे यावा म्हणून. प्राजक्त कट्ट्याच्या डाव्या अंगाला, खाली सपाट चिरे, पहाटे गळलेली फुलं मातीत मिसळू नयेत एवढ्यासाठी. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ.

सोनचाफ्याचा खड्डा कातळात पहारीने खणला होता. तीन फूट खोल, शेणखत, पालापाचोळा, सगळं घातलं. पण कातळातला खड्डा म्हणजे पाण्याचं भांडंच. जुलैत पानं पिवळी पडली. उपटून बघितलं तर मुळं काळी, बोटांत सालपट निघून येत होतं. फार वाईट वाटलं. आता दगडांचा दोन फुटी गडगा (बांध) रचून आत माती भरली आहे आणि नवीन कलम त्यात, उंचावर लावलं आहे. दोन नवी पानं आलीत.

कट्ट्याच्या दक्षिणेचा कोपरा अजून रिकामा आहे. थंडीत कोवळं ऊन तिकडूनच येणार, तेव्हा उंच झाड नको. गुडघ्याएवढी अबोली लावीन म्हणतो.