तुमच्या कपाटात माझ्या रंगाचं आहे का?

न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात, स्तनाच्या कॅन्सरच्या विभागात मी नर्स आहे. ऑपरेशन झालेल्या बायकांचा आमच्याकडे एक गट जमतो. मागच्या वेळी तिथे ‘अ लिटनी फॉर सर्व्हायव्हल’ हा १९९५चा माहितीपट लावला. कवयित्री ऑड्री लॉर्डवरचा. १९३४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कॅरिबियन आईबापांच्या पोटी जन्मलेली, लायब्ररियनची नोकरी केलेली, बार्बरा स्मिथ आणि इतर मैत्रिणींबरोबर कृष्णवर्णीय आणि इतर गोऱ्या नसलेल्या बायकांच्या लेखनासाठी ‘किचन टेबल’ ही प्रकाशनसंस्था उभी करणारी बाई. फिल्म पुरी व्हायच्या आधीच, १९९२ मध्ये, कॅन्सरनं ती गेली.

फिल्म संपल्यावर मी तिच्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मधला प्रसंग सांगितला. १९७८ साली तिचा उजवा स्तन काढला. हॉस्पिटलात एक बाई आली आणि काढलेल्या स्तनाच्या जागी ठेवायला लोकरीची फिकट गुलाबी गादी देऊन गेली. दहाएक दिवसांनी लॉर्ड सर्जनकडे गेली ती गादी न लावता, छान कपडे करून, मूनस्टोन घालून आणि एकाच कानात पक्षी लटकवून. तिथली नर्स म्हणाली, असं आलात तर इथल्या सगळ्यांचं मनोधैर्य खचतं. लॉर्डनं लिहिलंय, गमावलेल्या डोळ्यावर पट्टी बांधणाऱ्या इस्रायली नेत्याला, मोशे दायानला, कुणी काचेचा डोळा बसवून या म्हणत नाही! माझ्याच पेशातल्या बाईचं ते बोलणं वाचलं की आजही माझं डोकं फिरतं.

आयुष्यभर बस चालवलेल्या एक कृष्णवर्णीय आजी उठल्या. “तुमच्या कपाटात माझ्या रंगाचं आहे का?”

मी कपाट उघडलं. डब्यांत सगळे कृत्रिम स्तन गोऱ्या कातडीच्या रंगाचे. आजींनी एक उचलला, आपल्या मनगटाशी धरला आणि सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

शेजारच्या मराठी काकू मला म्हणाल्या, “अगं, मला तर हवंय की नको हेसुद्धा कुणी विचारलं नाही. हातात दिलं, मी घातलं.”

तिथल्या तिथे पत्र लिहायला घेतलं. आजींनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. सगळ्या रंगांचे मागवा, आणि त्याआधी बाईला विचारा, तिला हवंय का. सगळ्या जणींनी सह्या केल्या, काकूंनी मराठीत. पत्र वरिष्ठांकडे दिलंय. या शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर आजींना बरोबर घेऊन मी विचारायला जाणार आहे.