तीन आमिषांचा हंगाम: डॅलसच्या उत्तरेला बास गरवताना

मार्चमध्ये ठरवलं होतं की या वर्षी लार्जमाऊथ बास या माशासाठी पेटीत तीनच आमिषं ठेवायची: टेक्सास रिगवरचं (रिग म्हणजे गळ-शिशाची जोडणी) रबरी गांडूळ, नेड रिग आणि पोकळ रबरी बेडूक. दुकानात भिंतभर लटकलेली बाकीची बहुतेक रंगरंगोटी माशाला नाही, आपल्यालाच गळाला लावण्यासाठी असते, असं माझं मत झालंय. त्याऐवजी एक गोष्ट वाढवली, दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर. ऑक्टोबर संपताना हिशेब मांडतोय.

वसंतात सगळा वेळ रे रॉबर्ट्स तलावावर गेला. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून गरवायला टेक्सासमध्ये परवाना लागत नाही, त्यामुळे नवख्या मित्राला न्यायला ही जागा बरी. धरण भरलं तेव्हा बुडालेली झाडं अजून पाण्यात उभी आहेत आणि बास त्यांच्या बुंध्याला चिकटून असतो. अशा जागी टेक्सास रिगला तोड नाही. पुढे गोळीच्या आकाराचं शिसं, मागे वाकड्या मानेचा ऑफसेट गळ, आणि गळाचं टोक पुन्हा रबरातच रुतवलेलं, म्हणून फांद्यांत अडकत नाही. शिसं जमेल तितकं हलकं घ्या. मी बहुतेक वेळा ३/१६ औंस वापरलं. आमिष खाली जाताना दोऱ्याकडे बघत राहायचं, कारण निम्म्याहून जास्त मासे तिथेच घेतात. हाताला हिसका बसेलच असं नाही. दोरा आडवा सरकला, किंवा तळ यायच्या आधीच ढिला पडला, की ओढा.

पाणी ६० फॅरेनहाइटच्या पुढे सरकलं की बास उथळ पाण्यात अंडी घालायला येतो. नर शेपटीने तळ झाडून खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण नर करतो. खळग्यावर बसलेला नर स्वच्छ पाण्यात दिसतो आणि पकडायलाही सोपा असतो. मी त्याला हात लावत नाही. तो तिथून हलला की ब्लूगिल हे छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात. कायद्याने मनाई नाही, पण मजाही नाही.

आता बेडूक. लहानपणी सिंधुदुर्गात मरळ गरवलेल्यांना हे शिकवावं लागणार नाही. इथे जिवंत मरळ बाळगायलाही बंदी आहे, पण गवतावरून बेडूक ओढताना खालून जो धडाका होतो तो अगदी तसाच. जून ते ऑगस्ट, उजाडण्याआधीपासून ऊन चढेपर्यंत, शेवाळ आणि कमळाच्या पानांवरून बेडूक हळू चालवायचा आणि मोकळ्या जागी आला की थांबवायचा. पाणी फुटलं रे फुटलं की काठी उचलू नका. बेडूक दिसेनासा होऊन दोऱ्याला वजन लागेपर्यंत कळ काढा, मग जोरात ओढा. दोरा ५० पौंडी ब्रेडेडच, म्हणजे विणलेलाच हवा, कारण मासा लगेच गवतात घुसतो आणि त्याला गवतासकट बाहेर काढावं लागतं.

ऊन चढलं की नेड रिग. छत्रीच्या आकाराचं १/१० औंसाचं जिगहेड, म्हणजे शिसं जडवलेला गळ, आणि त्यावर बोटभर रबर, दिसायला अगदी दरिद्री. लुइसव्हिलच्या धरणाच्या दगडी पिचिंगवर ऐन जुलैत यानेच मासे दिले. टाका, तळाला बसू द्या, थोडं ओढा, परत बसू द्या. उन्हाळ्यात मासा सगळ्यात खोल पाण्यात असेल असं धरून चालू नका. वरचं गरम आणि खालचं गार पाणी वेगळं होतं, आणि खालच्या थरात प्राणवायू उरत नाही. मासे शोधायच्या सोनार यंत्रावर ही सीमा पुसट रेघेसारखी दिसते. आमिष तिच्या वरच ठेवायचं.

सप्टेंबरच्या शेवटी तिन्ही आमिषं कमी पडली. पाणी गार व्हायला लागलं की शॅड या छोट्या माशांचे थवे ओढ्यांच्या मुखात शिरतात आणि बास त्यांच्यामागे. तेव्हा पाण्याचा मोठा पट्टा पटापट पिंजून काढावा लागतो. चौथं आमिष घेतलं, लिपलेस क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचं खडखडणारं कडक आमिष, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

बाससोबत इतरही मासे मिळाले. क्रॅपीचं तोंड कागदासारखं पातळ असतं, हिसका दिलात तर फाटून जाईल. नुसती काठी उचला. तो वर बघून खातो, म्हणून आमिष त्याच्या खाली जाऊ देऊ नका. मुलांना ब्लूगिलवर बसवा: ८ नंबरचा बारीक गळ, वर छोटा फ्लोट आणि गांडुळाचा तुकडा, अख्खं गांडूळ नाही.

खायचं म्हणाल तर व्हाइट बास. इथले लोक त्याला सँड बास म्हणतात. फिले काढल्यावर बाजूची लालसर पट्टी कापून टाकली की उग्र वास जातो. मग मालवणी मसाला, कोकमाचं आगळ आणि वरून रवा. लार्जमाऊथ मी सोडून देतो. दिवसाला पाच आणि किमान १४ इंच ही राज्याची साधारण मर्यादा आहे, पण लेक फोर्कसारख्या ठिकाणी १६ ते २४ इंचांमधला बास ठेवताच येत नाही, म्हणून निघण्याआधी त्या त्या पाण्याचा नियम बघा. सोडताना हात ओले करा आणि मोठा मासा नुसता जबड्याला धरून लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या.

पुढचा बेत फेब्रुवारीचा. तेव्हा लुइसव्हिलमधले सँड बास एल्म फोर्क नदीतून वर चढायला लागतात. रे रॉबर्ट्स धरणाच्या भिंतीखाली ग्रीनबेल्ट नावाचा नदीकाठचा पट्टा आहे, तिथे पायी जाता येतं. हलकी काठी, ६ पौंडी दोरा आणि १/८ औंसाचे पांढरे जिग पुरेत. कोणी येणार असेल तर पाण्यात उभं राहायचे वेडर सोबत आणा, माझ्याकडे एकच जोड आहे.