कॅरोल सगळ्यांनी मिळून गायचा आमचा पहिला कार्यक्रम

नाताळच्या आधीच्या रविवारी क्वायरने, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाने, समोर उभं राहून कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, म्हणायच्या आणि मंडळीने ऐकायच्या, अशी आमच्या चर्चची वर्षानुवर्षांची रीत. यंदा आम्ही ठरवलं की गायचं सगळ्यांनी आणि क्वायरने फक्त सोबत करायची. आमचं गाव नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. इथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, त्यामुळे इथल्या ख्रिस्ती घरांमध्ये पेटी आणि गीतपुस्तक पिढ्यान् पिढ्या आहेत. डिसेंबरच्या थंडीत वस्तीतून घरोघर फिरणाऱ्या कॅरोल पार्टीत हीच माणसं खड्या आवाजात गातात, पण चर्चच्या बाकावर बसली की ओठ मिटून घेतात. मला हे फार वर्षं सलत होतं.

पाळकसाहेबांना कल्पना आवडली, पण त्यांची एक काळजी होती. "ताई, उपासनेची अंताक्षरी होऊ देऊ नका." त्यांचं म्हणणं रास्त होतं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये १९१८ पासून नाताळच्या आदल्या दिवशी बायबलमधले नऊ शास्त्रपाठ आणि मधे मधे कॅरोल अशी उपासना होते. तोच सांगाडा घ्यायचं ठरलं. नऊ पाठ आमच्याकडच्या लहान मुलांना झेपले नसते, म्हणून यशया, लूक आणि मत्तय यांतले मोजकेच उतारे निवडले आणि ते वाचायला शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या, मुलांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना वाटून दिले.

खरा वेळ गेला तो पट्टी, म्हणजे 'सा' कुठल्या सुरावर धरायचा ते, ठरवण्यात. क्वायर 'सायलेंट नाइट' पांढरी एकमध्ये म्हणते, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी 'सा' धरून. ही चाल पंचमावर (प) सुरू होते, पार तार, म्हणजे वरच्या, सप्तकातल्या मध्यमापर्यंत (म) चढते आणि शेवटी मध्य षड्जावर (मधल्या सप्तकातल्या सा वर) येऊन टेकते. रियाझ असलेल्या गळ्याला हे जमतं, पण दिवसभर शाळेत शिकवून किंवा शेतात राबून आलेल्या माणसाला तो वरचा म लागत नाही. म्हणून चाचणी क्वायरवर न घेता महिला मंडळातल्या एका मावशींना आणि भारदस्त आवाजाच्या एका काकांना पेटीशेजारी बसवलं आणि पट्टी एकेक घर खाली आणत गेले. खालच्या काळी पाचवर दोघंही सुखाने गाऊ लागले. शेवटचा सा पुटपुटल्यासारखा झाला तरी बिघडत नाही, पण वरचा म चिरकला की माणूस लाजतो आणि पुढचं कडवंही सोडून देतो.

'जॉय टू द वर्ल्ड'चं दुखणं वेगळं. तिचा पहिलाच सूर तार षड्ज, आणि पहिली ओळ म्हणजे सरळ अवरोह, वरून खाली उतरणारे सूर. गळा तापलेला नसताना हा सूर कुणालाच सापडत नाही. काही ठिकाणी सुरुवात याच गाण्याने करतात. आम्ही ते शेवटी ठेवलं. सुरुवातीला घेतलं ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन, कारण भजनात एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. कागदाकडे बघावं लागत नाही, टाळी आपोआप पडते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर टिळकांनी अभंगाचा घाट मराठी ख्रिस्ती उपासनेत आणला, त्याचं मोल त्या संध्याकाळी पुन्हा पटलं.

आमचा कीबोर्डवाला मुलगा परीक्षेमुळे येणार नव्हता. कीबोर्डशिवाय कॅरोल कशा, असं काहीजण म्हणत होते. त्यांना मी सांगितलं की १८१८ सालच्या २४ डिसेंबरला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी 'सायलेंट नाइट' पहिल्यांदा गायली गेली, तीही गिटारच्या साथीवर. मग पेटीला काय हरकत आहे? शेजारच्या भजनी मंडळातले तबलजी आनंदाने आले आणि त्यांनी त्या गाण्याला संथ दादरा हा सहा मात्रांचा ताल धरला. चालही सहा मात्रांचीच, जराही ओढाताण झाली नाही.

कागदांवर मी पुष्कळ मेहनत घेतली. ठळक, मोठं टाइप. धृवपदासाठी नुसतं 'धृ.' न लिहिता ते प्रत्येक कडव्यानंतर पूर्ण छापलं, म्हणजे नजर वर-खाली शोधत बसत नाही. एक कडवं इंग्रजी, दोन मराठी, आणि इंग्रजी कडवंसुद्धा देवनागरीत. प्रोजेक्टरचा विचार झाला होता, पण मागच्या बाकांवरून पडदा नीट दिसत नाही.

पोलीस ठाण्यात पाळकसाहेबांच्या सहीचं पत्र दिलं. कार्यक्रम संध्याकाळी सहाचा आणि आवाज आतल्या आत, त्यामुळे लाउडस्पीकरसाठीच्या रात्री दहाच्या मर्यादेचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी क्वायरला समोर उभं केलं नाही. दर दोन-तीन बाकांमागे एकेक जण बसवला. माइक फक्त पेटीला आणि ओळ सांगणाऱ्याला. प्रत्येक गाण्याआधी शेवटची ओळ पेटीवर वाजवायची, हात वर करून सगळ्यांनी श्वास घ्यायचा, मग सुरुवात. पहिल्या रांगेतल्या एक आजी कागद हातभर लांब धरून, ओळीखाली बोट फिरवत गात होत्या. शेजारची मुलगी अडखळली की त्या बोटाने तिला जागा दाखवत. तिसऱ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्याला मी पेटीचा भाता थांबवला. मंडळी थांबली नाही. दोन बाक सोडून बसलेल्या, कधीही तोंड न उघडणाऱ्या गृहस्थांचा सूर मला स्वच्छ ऐकू आला, आणि त्या क्षणी सगळ्या खटपटीचं चीज झालं असं वाटलं.

नंतर चहा, करंज्या, केक. तिथेच फर्माइशी सुरू झाल्या, त्यातल्या निम्म्या टिळकांच्या गीतांच्या. पुढच्या वर्षी कागदाचं शेवटचं पान फर्माइशींसाठी राखून ठेवायचं ठरलंय. प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहिलेली वही तरुण संघाकडे दिली आहे, म्हणजे वस्तीत निघणारी कॅरोल पार्टीही तीच पट्टी धरेल.